हातगुण

‘त्यांच्या हाताला गुण आहे,’ असं आपण एखाद्या डॉक्टरबद्दल म्हणतो तेव्हा भिंतीवर टांगलेल्या पदव्या आपल्या डोळ्यांसमोर नसतात. तीच गोळी दुसऱ्यानं दिली तर लागू पडणार नाही, यांनी दिली की पडते, एवढंच आपल्याला म्हणायचं असतं. घर बदललं, गाव बदललं तरी म्हातारी माणसं एसटीनं जुन्याच डॉक्टरकडे जातात ती याच्यासाठी. डॉक्टर नाडीवर बोटं टेकतात, पापणी खाली ओढून बघतात, ‘मागच्या गोळीनं पित्त झालं होतं ना?’ असं विचारतात, आणि निम्मं दुखणं तिथंच हलकं होतं.

आता निदान करणारं यंत्र आलं आहे आणि त्याला हात नाहीत. त्याच्याकडे लोक जातील का, हा या प्रकरणाचा विषय आहे. पुस्तकी चर्चेत त्याचं उत्तर शोधण्यापेक्षा भिवंडीत शोधू, कारण तिथं हा प्रश्न पोटापाण्याच्या प्रश्नांना अगदी खेटून उभा आहे.

पण त्याआधी थोडे आकडे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीचे निष्कर्ष 2023च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाले. माझा डॉक्टर निदानासाठी आणि उपचारासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर विसंबणार असेल तर मला अस्वस्थ वाटेल, असं त्यात 60 टक्के लोकांनी सांगितलं. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. डॉक्टरांच्या हातून होणाऱ्या चुका यंत्रामुळे कमी होतील असं मानणारे 40 टक्के होते आणि वाढतील असं मानणारे 27 टक्के. म्हणजे यंत्र चुकेल म्हणूनच लोक बिचकतात, असं म्हणता येत नाही. भीतीचं मूळ दुसरीकडे आहे. लाँगोनी, बोनेझी आणि मोरवेज या तीन संशोधकांनी 2019मध्ये त्याचा एक धागा पकडून दाखवला. माझं दुखणं चारचौघांसारखं नाही, यंत्र मला सरासरीत मोजेल आणि माझं वेगळेपण त्याच्या नजरेतून सुटेल, असं माणसाला वाटतं. ‘मागच्या गोळीनं पित्त झालं होतं ना?’ या एका वाक्याची किंमत इथं कळते.

पण या पाहणीतल्या माणसाला एक ठरलेला डॉक्टर असतो आणि त्या डॉक्टरशी तो मनातल्या मनात यंत्राची तुलना करत असतो. भिवंडीतला कामगार कोणाशी तुलना करणार?

2011च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महापालिकेची लोकसंख्या सात लाखांवर होती. माग तर लाखांनी. 1857च्या धामधुमीनंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी इथं हातमाग रुजवले, पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. तेलंगणातले पद्मशाली आले, उत्तर प्रदेश-बिहारमधून तरुण पोरं येत राहिली. एकेक जण सहा-आठ माग सांभाळतो. बारा तासांची पाळी, मजुरी कापडाच्या मीटरवर. धोट्याच्या खडखडाटात आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे बोलणं हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींवर चालतं. हवेत कापसाची बारीक लव तरंगत असते आणि ती भुवयांवर, पापण्यांवर बसते. पाळी संपली की खाणावळीत जेवायचं आणि एका खोलीत सहा-आठ जणांनी आळीपाळीनं पाठ टेकायची, एकजण उठला की त्याच्या जागी दुसरा.

अशा माणसाला खोकला लागला तर तो काय करतो? काहीच करत नाही. रुई नाकातोंडात जातेच, खोकला यायचाच, असं धरून चालतो. फार झालं तर मेडिकलवाल्याकडून बाटली घेतो. त्यानंही भागलं नाही तर गल्लीतला दवाखाना. तिथला डॉक्टर बहुधा युनानी, होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेला असतो, रात्री उशिरापर्यंत बसतो, थोडक्या पैशांत तपासून पुडी बांधून देतो. या डॉक्टरांबद्दल शहरी वाचकाच्या मनात तुच्छता असते, ती मला मान्य नाही. पाळी सुटल्यावर उघडा असलेला दवाखाना हा मीटरवर मजुरी मिळवणाऱ्या माणसाला परवडणारा एकमेव दवाखाना असतो. सरकारी इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात जायचं म्हणजे अर्धा दिवस रांगेत आणि तेवढी मजुरी बुडाली. जास्त झालं की कळव्याला नाहीतर मुंबईला धाडतात, म्हणजे आणखी दोन-तीन दिवस गेले.

देशभर 2019 ते 2021 या काळात क्षयरोगाची पाहणी झाली. क्षयाची लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के लोक कोणत्याच डॉक्टरकडे गेले नव्हते, आणि का गेला नाहीत असं विचारल्यावर त्यातल्या बहुतेकांनी लक्षणांकडे लक्षच दिलं नव्हतं असं निघालं. म्हणून ‘डॉक्टर की यंत्र?’ असं विचारणं भिवंडीपुरतं तरी अपुरं आहे. तिथं यंत्राची स्पर्धा खोकल्याच्या बाटलीशी आणि ‘होईल बरं’ या दोन शब्दांशी आहे.

याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. छातीचा एक्स-रे काढला नसता आणि फक्त खोकला, ताप, वजन घटणं एवढंच विचारलं असतं, तर सापडलेल्या क्षयरुग्णांपैकी 42.6 टक्के निसटले असते. त्यांना सांगण्यासारखं काही होतच नव्हतं. फुप्फुसात डाग होता आणि माणूस माग चालवत होता. म्हणजे गावोगाव, गल्लोगल्ली एक्स-रे काढायला हवेत. ते काढताही येतात, कारण हातात धरून नेण्याजोगी एक्स-रे यंत्रं आता आहेत आणि 2024च्या 7 डिसेंबरला सुरू झालेल्या क्षयविरोधी शंभर दिवसांच्या मोहिमेत ती वस्त्यांमध्ये फिरली. अडचण पुढची आहे. काढलेले एक्स-रे वाचणार कोण? रेडिओलॉजिस्ट मोजके, आणि तेही मोठ्या शहरांत.

इथं यंत्र कामाला येतं. मुंबईची क्युअर डॉट एआय, पुण्याची डीपटेक यांसारख्या कंपन्यांनी लाखो एक्स-रे दाखवून संगणकाला शिकवलं. हा क्षय, हा नाही, हा जुना व्रण, हे फुप्फुसाभोवती साचलेलं पाणी. नवा एक्स-रे समोर आला की ते मिनिटाच्या आत शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा देतं आणि शंका असलेल्या जागेवर रंग चढवून दाखवतं. तो आकडा म्हणजे निदान नव्हे, ती चाळणी आहे. बारीक भोकांची चाळणी घेतली तर खडे सुटत नाहीत, पण दाणेही अडकून बसतात. मोठ्या भोकांची घेतली तर दाणे पटापट पडतात आणि त्यांच्याबरोबर खडेही. चाळणी कोणती घ्यायची, म्हणजे कोणत्या आकड्याच्या वर माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचं, हे यंत्र ठरवत नाही, आरोग्य खातं ठरवतं. पुढची तपासणी थुंकीची असते. गोव्याच्या मोलबायो कंपनीनं बनवलेलं ट्रूनॅटसारखं छोटं उपकरण थुंकीतल्या जंतूचा जनुकीय अंश ओळखतं, आणि तिथं खरं काय ते ठरतं.

ही चाळणी कितपत चांगली आहे? ढाका शहरात जवळजवळ 24 हजार लोकांच्या एक्स-रेंवर अशा पाच प्रणाली पारखून पाहिल्या गेल्या. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाचही प्रणाली तिथल्या रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस ठरल्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा वर्षं आणि त्यावरच्या लोकांसाठी क्षयाच्या एक्स-रेचं यंत्राकडून वाचन करायला मान्यता दिली. पण ढाक्यात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना आधी क्षय होऊन गेला होता आणि जे वयस्कर होते, त्यांच्या बाबतीत यंत्र जास्त चुकलं. जुना व्रण त्याला नवा वाटतो. ज्या वस्तीत क्षय पिढ्यान्‌पिढ्या येऊन-जाऊन आहे तिथं ही चूक किरकोळ नाही. ‘आधी कधी टीबीचं औषध घेतलं होतंस का?’ हे कोणीतरी तोंडानं विचारावंच लागतं.

उपकरण प्रयोगशाळेत चालतं आणि दवाखान्यात अडखळतं, याचंही एक उदाहरण सांगायला हवं. मधुमेहानं डोळ्याच्या पडद्यावर होणारा बिघाड ओळखणारी गुगलची प्रणाली घडवताना मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय यांचा सहभाग होता, आणि 2016मध्ये तिची अचूकता जगासमोर आली. पुढे ती थायलंडच्या 11 दवाखान्यांत नेली. तिथल्या परिचारिका उजेडाच्या खोलीत घाईघाईनं फोटो काढत, कारण बहुतेक ठिकाणी अंधारी खोलीच नव्हती. पाचातला एक फोटो यंत्रानं ‘स्पष्ट नाही’ म्हणून परत केला. ज्याचा फोटो परत आला त्या रुग्णाला पुन्हा एक दिवस काढून दूरच्या रुग्णालयात जावं लागणार होतं. यंत्राची नजर तीच होती, फक्त खोलीला पडदा नव्हता. भिवंडीत असं यंत्र बसवणाऱ्यानं संगणकाच्या आधी पडद्याची, विजेची आणि नेटवर्कची चौकशी करावी.

आता जबाबदारीचा प्रश्न. 1970च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ नावाचा संगणकी कार्यक्रम तयार झाला. मेंदूच्या आवरणाला होणाऱ्या जंतुसंसर्गावर कोणतं प्रतिजैविक द्यावं, हे तो सुचवायचा. 1979मध्ये त्याची परीक्षा झाली. परीक्षकांनी त्याची 65 टक्के उत्तरं ग्राह्य धरली, आणि त्याच विद्यापीठातल्या तज्ज्ञ प्राध्यापकांपैकी कोणाचंही प्रमाण 62.5 टक्क्यांच्या वर गेलं नाही. एवढं होऊनही मायसिन रुग्णाच्या खाटेपर्यंत कधी पोचला नाही. वॉर्डात संगणक नव्हते हे एक कारण. दुसरं कारण, चुकलं तर उत्तर कोणी द्यायचं, याचा कोणाकडेच जबाब नव्हता.

भारतात त्याचा जबाब निदान कागदावर तरी स्पष्ट आहे. 1995मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली आणि हयगय झाली तर रुग्णाला दाद मागता येऊ लागली. 2020च्या 25 मार्चला दूरवैद्यकाची नियमावली निघाली. यंत्रानं रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहून द्यायचं नाही, डॉक्टरला मदत तेवढी करायची, शेवटचा शब्द नोंदणीकृत डॉक्टरचा, असं त्यात लिहिलं आहे. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेत रुग्णाच्या तक्रारी नोंदवताना पुढचे प्रश्न सुचवणारी आणि डॉक्टरला संभाव्य निदान दाखवणारी जी यंत्रणा आहे, ती याच चौकटीत बसते. प्रत्यक्षात मात्र रात्री दोन वाजता मोबाईलमधल्या यंत्राला ‘छातीत दुखतंय, काय करू’ असं विचारणारा माणूस या चौकटीच्या बाहेर आहे. मिळालेलं उत्तर सल्ला म्हणायचं की गप्पा, हे त्याला ठाऊक नसतं. उत्तर चुकलं तर कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, हेही त्याला ठाऊक नसतं. गल्लीतल्या डॉक्टरचं दार मात्र त्याला माहीत असतं. माझ्या मते हातगुणाचा निम्मा अर्थ या दारात आहे. जो माणूस उद्याही इथंच बसणार आहे आणि ज्याला उद्या तोंड दाखवायचं आहे, त्याच्या औषधावर आपण विश्वास टाकतो.

आपल्याकडे या अविश्वासाला एक जुनी आणि कडू आठवण आहे. 1896च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत प्लेग पसरत होता. संशयित रुग्णाला घरातून उचलून सक्तीनं इस्पितळात नेण्याचा अधिकार महापालिकेनं घेतला. 29 ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. ते अडाणी होते म्हणून हे झालं, असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या बाजूनं पाहा. आत गेलेला माणूस घरच्यांपासून तुटायचा आणि बहुतेकदा त्याचं प्रेतच परत यायचं. आत काय करतात ते कोणी सांगत नव्हतं.

त्यानंतर अडीच महिन्यांत, 1897च्या 10 जानेवारीला, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि ते काम करत राहिले. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेनं पुढे आले. परळची संस्था आज हाफकिन यांचं नाव लावते. अडीच महिन्यांच्या अंतरानं घडलेल्या या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत. एकीकडे शरीरावर हक्क सांगणारं शास्त्र होतं आणि दुसरीकडे आपलं शरीर आधी पुढे करणारा शास्त्रज्ञ. यंत्राला स्वतःचा दंड पुढे करता येत नाही. ते आणणारा डॉक्टर, अधिकारी, नगरसेवक आपल्या छातीचा एक्स-रे कारखान्याच्या दारात सगळ्यांसमोर सर्वांत आधी काढून घेऊ शकतो.

सगळ्याच बाबतींत माणूस यंत्रापेक्षा बरा, असंही नाही. एका जागी यंत्राचं पारडं जड आहे, आणि त्या जागेबद्दल आपण उघडपणे बोलत नाही.

भिवंडीपासून दहा-बारा किलोमीटरवर कल्याण आहे. तिथल्या जोशी घराण्यात 1865मध्ये जन्मलेली यमुना पुढे डॉ. आनंदीबाई जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. 1883मध्ये अमेरिकेला जाण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत तिनं आपण का चाललो आहोत ते सांगितलं, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयाला अर्ज करतानाही तेच लिहिलं: पुरुष डॉक्टरच्या हातून तपासून घेण्यापेक्षा आमच्या बायका मरण पत्करतात. 1886मध्ये ती पदवीधर झाली आणि पुढच्याच वर्षी क्षयानं गेली.

सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, तरी ती अडचण सगळ्या घरांतून गेलेली नाही. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे वाक्य कित्येक बायका नवऱ्याला सांगत नाहीत, मग डॉक्टरला कुठून सांगणार? पुरुषही गुप्तरोगाबद्दल, दारूबद्दल, झोप न येण्याबद्दल डॉक्टरशी खोटं बोलतात. अमेरिकेत गेल लुकास आणि सहकाऱ्यांनी 2014मध्ये दाखवलं की पडद्यावरच्या बोलत्या आकृतीमागे माणूस नाही, संगणकच आहे, असं सांगितलं की लोक जास्त मोकळेपणानं बोलतात. समोर लाजायला कोणी नसतं.

पण मोकळं बोलायचं तर मोबाईल आपला हवा. भिवंडीच्या चाळीत तो बहुतेकदा घरात एक असतो, नवऱ्याचा किंवा मोठ्या मुलाचा, आणि बाईनं दुपारी विचारलेला प्रश्न संध्याकाळी त्याच्या पडद्यावर तसाच असतो. विदा संरक्षणाचा कायदा 2023मध्ये झाला, तो कंपन्यांना आणि खात्यांना बांधतो. सासूबाईंना बांधत नाही.

शिवाय यंत्राला आपली भाषा कळायला हवी. डॉक्टर मराठी असो की उर्दू बोलणारा, ‘अंगात कसकस आहे’ म्हटलं की थर्मामीटरवर न दिसणारा ताप त्याला कळतो. चमक निघते, कळ येते, ठणका लागतो, रग लागते ही चार वेगळी दुखणी आहेत. जीव घाबरा होणं कधी हृदयाचं असतं, कधी मनाचं, कधी नुसतं पित्ताचं. भिवंडीच्या भोवतालच्या गावांत आगरी बोलतात, मागावर भोजपुरी आणि तेलुगू. पुस्तकी हिंदीत किंवा इंग्रजीत शिकलेलं यंत्र या शब्दांना जवळचा शब्द लावून पुढे जातं, आणि वैद्यकात जवळचा शब्द पुरत नाही. ही भाषा यंत्राला शिकवायची तर ती आधी दवाखान्यात बसून, रुग्णाच्या परवानगीनं, कोणीतरी लिहून घ्यायला हवी. मराठी माणसानं हाती घ्यावं असं हे काम आहे, आणि ते दुसरं कोणी करून देणार नाही.

यंत्रानं रुग्णाशी बोललंच पाहिजे, असंही नाही. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008मध्ये स्थापन केलेली अरमान ही संस्था गरोदर बायांना आणि नव्या आयांना ‘एममित्र’ या सेवेतून आठवड्याच्या आठवड्याला फोनवर माहिती ऐकवते. बऱ्याच जणी काही दिवसांनी फोन ऐकणं सोडतात. प्रत्येकीला माणसानं फोन करायचा तर तेवढी माणसं नाहीत. म्हणून गुगलच्या संशोधकांबरोबर एक प्रणाली केली. कोणती बाई आता गळणार आहे याचा अंदाज यंत्र बांधतं, आणि मग संस्थेतली कार्यकर्ती तिला फोन करून बोलते. 23 हजार बायांवर करून पाहिलेल्या प्रयोगात गळती तीसेक टक्क्यांनी कमी झाली. यात यंत्र रुग्णाशी एक शब्दही बोलत नाही. माणसाचा वेळ कोणासाठी खर्चावा, तेवढंच सांगतं.

क्षयातही तसंच करावं लागेल, कारण आकडा मिनिटात येतो आणि औषध मात्र निदान सहा महिने चालतं. दरमहा हजार रुपयांचं पोषण अनुदान खात्यात जमा होतं की नाही हे कोणीतरी बघावं लागतं. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढू लागतं, आणि तेव्हाच माणूस गोळ्या सोडतो. भिवंडीत त्याच सुमाराला कधी ईद येते, कधी लगीनसराई, कधी मागांना काम नसतं, आणि पोरगा मुलखाला निघून जातो. खोलीत त्याच्या जागी दुसरा येऊन झोपलेला असतो, फोन लागत नाही.

म्हणून क्षयाची आरोग्य कार्यकर्ती पहिल्याच दिवशी, औषधाच्या आधी, दोन गोष्टी लिहून घेते: गावाकडचा पत्ता आणि घरातल्या कोणाचा तरी दुसरा नंबर. मग सरकारच्या ‘निक्षय’ यादीतला त्याचा क्रमांक कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून देते. तो क्रमांक देशभर एकच असतो. आझमगढच्या किंवा करीमनगरच्या आरोग्य केंद्रात कार्ड पुढे केलं की भिवंडीत कितवा महिना चालू होता ते तिथं दिसतं, आणि गोळ्या तिथून पुढे सुरू होतात.